पत्रामागचा माणूस

पत्र उघडण्याआधीच ते कोणाचे हे कळायचे. पोस्टमनने अंगणातून हाक दिली, कार्ड किंवा निळे आंतर्देशीय हातात पडले, की पहिली नजर पत्त्याच्या अक्षरावर जाई आणि घरात नाव घेतले जाई. "मोठ्या आत्याचं आहे." "दादरच्या काकांचं दिसतंय." आत्याचे अक्षर टपोरे, प्रत्येक शब्दावरची रेघ वेगळी ओढलेली. काकांच्या ओळी उजवीकडे वर चढत जात आणि शेवटचा मजकूर समासात आडवा लिहिलेला असे, कारण त्यांना जागा कधीच पुरत नसे. मामा कार्डाच्या डोक्यावर 'श्री' लिहून खाली गावाचे नाव आणि तिथी घालत. तारीख घालत नसत. मजकूर नंतर वाचला जाई. माणूस आधी भेटे.

आता सकाळी मोबाइलवर मेल उघडतो तेव्हा पाठवणाऱ्याचे नाव ठळक टाइपात समोर असते. बँक, वीज कंपनी, भाचा, जुना मित्र, सगळ्यांचे अक्षर एकच. नाव इतके स्पष्ट दिसत असूनही, पाठवणारा खरोखर तोच आहे का ही शंका मनातून जात नाही. माझ्या पिढीने हे दोन्ही काळ पुरते पाहिले. मधल्या वर्षांत आपल्या हातून नेमके काय निसटले, ते एकदा नीट मांडून ठेवावे असे फार दिवस वाटत होते.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले. आमचे गाव तेव्हा मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत असे. घरटी एकतरी पुरुष गिरणीत, गोदीत नाहीतर कोणाच्या पेढीवर. लालबाग-परळला गावकऱ्यांच्या खोल्या असत आणि त्यांत माणसे पाळीप्रमाणे झोपत. यांतल्या कित्येकांना लिहिता येत नसे. मग खोलीतला एखादा शिकलेला पोरगा सगळ्यांची पत्रे लिही, किंवा बोरीबंदरजवळ जीपीओसमोर ओळीने बसलेल्या पत्रलेखकाकडे जाऊन मजकूर सांगायचा. ते पत्र गावी पोचले की तिथे आईलाही वाचता येत नसे. पोस्टमन पायरीवर बसून वाचून दाखवी. म्हणजे अक्षर तिऱ्हाईताचे आणि वाचणारा आवाजही दुसऱ्याचाच. तरीही पत्र आपल्या लेकाचे आहे याबद्दल त्या माउलीला कधी शंका आली नाही. कारण पत्रात विचारलेले असे, तांबू व्याली का, पडवीच्या कौलांचे काय केलेत, धाकटीचा ताप उतरला का. हे प्रश्न विचारणारा माणूस तिच्या ओळखीचा होता. लिहिणारा हात कोणाचाही असो, त्यामागचा जीव तिचाच होता.

मनीऑर्डर आली की अख्ख्या वाडीला कळे. "आजी, मुंबईचे पैसे आलेत, अंगठा द्या," असे म्हणत पोस्टमन ओटीवर बसे. अंगठा उठवायचा तर साक्षीदार लागे, म्हणून शेजारच्या मास्तरांना हाक जाई. ते चष्मा पुसत येत, सही करत. फॉर्मच्या तळाशी निरोपापुरती थोडी जागा असे. तो तुकडा आईकडे राही आणि ती तो फडताळात जपून ठेवी. पोचपावती मुंबईला परत जाई. तिच्यावरचा तो निळा अंगठा लालबागच्या खोलीत पोचला की पैसे मिळाल्याची आणि आई धडधाकट असल्याची, दोन्ही खात्री एकदम होई.

आज मागे वळून पाहताना त्या सगळ्या व्यवहाराचे मोठेपण मला वेगळ्याच जागी दिसते. ओळख पटवण्याचे काम तेव्हा कोणा एकट्याच्या माथी नव्हते. कार्ड कोणत्या पोस्टात, कोणत्या तारखेला पडले ते टपालाचा गोल शिक्का सांगे. पैसे योग्य घरी गेले याची खात्री पोस्टमन देई. शेजारी साक्ष राही. एक साधे कार्ड पोचवायला इतकी माणसे मध्ये उभी असत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला लिहिणारा नाहीतर घेणारा ठाऊक असे.

तो काळ निष्पाप होता असे मी म्हणणार नाही. निनावी पत्रांनी आमच्या भागात लग्ने मोडली आहेत. साखरपुडा झाला की आठवडाभरात 'एक हितचिंतक' अशा सहीचे पाकीट यायचे आणि त्यात मुलाच्या नाहीतर मुलीच्या नावाने वाटेल ते लिहिलेले असायचे. पण अशा पत्राचे काय करायचे याची एक रीत होती. घरातले वडीलधारे ते पाकीट उजेडात धरत, शिक्का कुठला आहे ते बघत, अक्षर कोणाच्या वळणाचे वाटते यावर चर्चा होई. मग दोघे जाणते एसटीने त्या गावी जात, ओळखीतल्यांकडे चौकशी करत आणि परत येऊन निर्णय सांगत. तशीच संतोषी मातेच्या नावाने कार्डे यायची, अमुक इतक्या प्रती लिहून पाठवा, नाहीतर घरावर संकट येईल. भित्री माणसे रात्र रात्र जागून ती नकलून काढत. तेव्हाही कोणीतरी समजूतदार माणूस लागे, "अहो, फाडून टाका ते" असे सांगणारा. आणि असा माणूस शेजारी असे.

तारेची गोष्ट आणखी वेगळी. तिला अक्षर नव्हते, सही नव्हती. कोणीही तारऑफिसात जाऊन कोणाच्याही नावाने मजकूर देऊ शकत होता. 'आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा' ही तार रजेसाठी मुद्दाम मागवलेली असू शकते, हे प्रत्येक हेडक्लार्कला ठाऊक होते. म्हणून महत्त्वाच्या तारेमागोमाग व्यापारी पेढ्या पक्के पत्र टपालाने धाडत. तार वेगासाठी, पत्र खात्रीसाठी. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्याबरोबर ही खबरदारीची सवयही आपण पुसून टाकली, याचे मला फार वाईट वाटते.

पुढे मी बँकेत लागलो आणि ओळख पटवणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग झाला. खाते उघडायला माणूस आला की त्याला पहिला प्रश्न असे, "ओळख कोण देणार?" आमच्याच शाखेतल्या जुन्या खातेदाराने फॉर्मवर सही करायची आणि त्याची सही आम्ही त्याच्या कार्डाशी ताडून पाहायची. गावातले डॉक्टर, हायस्कूलचे हेडमास्तर, बाजारपेठेतले दुकानदार यांच्याकडे लोक ओळख मागायला जात. ते सहजासहजी देत नसत. उद्या काही भानगड झाली तर साहेब आपल्यालाच बोलावतील, हे त्यांना माहीत असे. एका खात्यामागे असा दुसरा माणूस शब्द देऊन उभा असे.

नमुना सह्यांची कार्डे हा आमच्या शाखेतला सर्वांत जपून ठेवलेला ऐवज. चेक आला की कार्ड काढायचे, सही ताडायची, शंका आली तर चेक परत. पण नुसती रेघांची तुलना करून भागत नसे. पेन्शनर मंडळींच्या सह्या वयाबरोबर थरथरू लागत आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी जुळत नसत. आमचे साहेब अशा वेळी काउंटरच्या बाहेर येत, आजोबांना बाकावर बसवत, तब्येतीची चौकशी करत आणि नवा नमुना घेत. सही बदलली तरी माणूस तोच आहे, हे ठरवायला माणूसच लागे.

तारेने पैसे पाठवण्याची पद्धत, म्हणजे आमच्या भाषेत टीटी, हा तर मी शिकलेला सर्वांत मोठा धडा. तारेवर विश्वास ठेवायचा नाही, हे बँकेने गृहीतच धरले होते. म्हणून मजकुरात एक गुप्त आकडा घालावा लागे. तो आकडा ज्यावरून काढायचा ती कोष्टके कुलपात असत आणि जबाबदार अधिकाऱ्यांखेरीज कोणाच्या हाती पडत नसत. पैसे देणाऱ्या शाखेत तोच आकडा पुन्हा काढून पाहायचा. जुळला तर पैसे. नाही जुळला तर तार कितीही खरी वाटो, पाठवणारा कितीही मोठा असो, पैसे जात नसत. आणि यात कोणाला अपमान वाटत नसे.

खरा कोण, खोटा कोण हा प्रश्न आपल्या इतिहासाला नवा नाही. आमच्या रत्नागिरीने तर तो अगदी जवळून पाहिला. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलेच नाही. त्या आशेच्या फटीतून भाऊंचा तोतया शिरला. माधवराव पेशव्यांच्या काळात तो पकडला गेला, चौकशी झाली, कैदेत पडला. पुढे रत्नागिरीच्या किल्ल्यातून सुटून त्याने कोकणात मोठे बंड उभे केले आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. पण त्या तोतयालाही लोकांसमोर उभे राहावे लागत होते. भाऊंना पाहिलेले डोळे त्याच्याकडे पाहू शकत होते. आजच्या तोतयाला चेहरा दाखवावाच लागत नाही.

ईमेल आला तेव्हा मात्र आम्हाला फक्त आनंद झाला होता, आणि तो आनंद खरा होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि कोणालाही फुकट टपालपत्ता मिळू लागला. मग याहू आले, रेडिफमेल आले, नाक्यानाक्यावर सायबर कॅफे आले. आमच्या सोसायटीतले कितीतरी आईबाप रविवारी सकाळी कॅफेत जाऊन बसत. मुलगा न्यू जर्सीला, नात तिथेच जन्मलेली. पूर्वी परदेशी पत्राला पंधरा दिवस लागत. आता रोमन लिपीत लिहिलेले 'आई, कशी आहेस' मिनिटभरात पडद्यावर येई आणि कॅफेवाला पोरगा त्याची छापील प्रत काढून देई. ती प्रत घरी नेऊन काकू दिवसभर वाचत. या सुखाला मी कधीच कमी लेखणार नाही. लांब गेलेली मुले त्या पडद्याने जवळ आणली.

त्या सुखात एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. खाते उघडताना "ओळख कोण देणार?" असे कोणी विचारलेच नव्हते. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आले तेव्हा सुरुवातीला जुन्या खातेदाराचे आमंत्रण लागे. मला ते ओळखीचे वाटले होते. पण ते आमंत्रण सेवा हळूहळू खुली करण्यापुरते होते, कोणी कोणाची हमी घेत नव्हते. फेब्रुवारी २००७ मध्ये तीही अट गेली. बँकांमध्ये २००२ नंतर केवायसी आली, ओळखपत्रे मागितली जाऊ लागली. ओळख देणारा खातेदार बाजूला झाला, तरी निदान कागद आला. ईमेलच्या खात्याला मात्र ना माणूस ना कागद. ज्याला जे नाव आवडेल ते त्याने घ्यावे आणि त्या नावाने जगाला पत्र लिहावे.

ईमेलची घडणच अशी आहे. मेलची ने-आण करण्याचे जे नियम आजही चालतात त्यांचा पाया १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमावलीत आहे. तेव्हा हे जाळे विद्यापीठांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या मोजक्या लोकांचे होते. सगळे एकमेकांना ओळखत. त्यामुळे 'प्रेषक' या जागी जे लिहिले आहे ते खरे धरायचे, अशी व्यवस्था झाली. पाकिटाच्या मागे प्रेषकाचे नाव काय घालावे हे जसे लिहिणाऱ्याच्या हाती असते तसेच हे. पुढे जाळे जगभर पसरले आणि तो जुना विश्वास तसाच राहिला. खूप उशिरा त्यावर इलाज शोधले गेले. आता पाठवणारा सर्व्हर मेलवर स्वतःची डिजिटल मुद्रा उमटवतो आणि घेणारा सर्व्हर ती तपासतो. डीकेआयएम हे त्या तपासणीचे नाव; एसपीएफ आणि डीमार्क या तिच्या जोडीच्या तपासण्या. त्यांच्यामुळे पुष्कळ खोटी टपाल दाराबाहेरच अडते, आणि ती राबवणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण ही मुद्रा सांगते ते एवढेच, की मेल अमुक ठिकाणाहून निघाला आहे. तिथे बसून तो कोणी लिहिला, हे ती सांगत नाही. माझ्या भावाच्या नावाने कोणी नवे खाते उघडले आणि मला मेल लिहिला, तर सगळ्या तपासण्या बिनबोभाट पार पडतील. शिक्का खरा, माणूस खोटा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या बँकेतले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्तीनंतर डोंबिवलीला राहत. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. एके दिवशी त्यांच्या खात्यावरून मेल आला. इंग्रजीत. मी परदेशात अडकलो आहे, पाकीट आणि पासपोर्ट चोरीला गेले, हॉटेलचे बिल भरायचे आहे, तातडीने पैसे पाठवा. पत्ता त्यांचाच होता, एक अक्षरही इकडचे तिकडे नव्हते. पण नाना मेललासुद्धा 'स. न. वि. वि.'ने सुरुवात करत आणि माझ्या आईची चौकशी केल्याशिवाय शेवट करत नसत. या मेलमध्ये दोन्ही नव्हते. मी त्यांच्या घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "अहो, हे मंडईत गेलेत. का हो?"

नानांच्या पत्त्यांच्या यादीतल्या एका जवळच्या स्नेह्याने मात्र तोवर पैसे पाठवून दिले होते. पत्ता ओळखीचा, संकट मोठे, माणूस देवासारखा. त्यांनी एका क्षणाचाही विचार केला नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. नानांचा पासवर्ड कोणीतरी 'तुमचे खाते बंद होणार आहे' असा खोटा मेल पाठवून काढून घेतला होता. पुढचे काही दिवस ते फोनची वही घेऊन एकेकाला फोन करत बसले. आयुष्यभर कोणाकडून उसने न घेतलेला तो माणूस मला म्हणाला, "पैशाचं राहू दे रे. माझ्या नावानं कोणीतरी लोकांपुढे हात पसरला." हे वाक्य मी विसरू शकत नाही. खोट्या मेलने एकाचे पैसे जातात आणि दुसऱ्याचे नाव जाते. या दुसऱ्या नुकसानीची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही.

ही फक्त साध्याभोळ्या पेन्शनरांची अडचण आहे, असे समजू नये. मुंबईतल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजची हकीकत सर्वांसमोर आहे. सेबीने ११ फेब्रुवारी २०२२ रोजी दिलेल्या आदेशानुसार, एक्स्चेंजच्या माजी प्रमुख चित्रा रामकृष्ण यांनी पदावर असताना संस्थेची गोपनीय माहिती, आर्थिक अंदाज, संचालक मंडळाच्या बैठकीचे विषय, एका ईमेल पत्त्यावर पाठवले होते. वेदांची नावे जोडून तो पत्ता केलेला होता. पलीकडे हिमालयात वावरणारे एक सिद्धपुरुष आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनासारख्या गोष्टींतही त्या पत्त्यावरून सल्ला येत होता. फॉरेन्सिक तपासणी करणाऱ्या संस्थेने बोट दाखवले ते एक्स्चेंजमधल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. आरोप सिद्ध होणे न होणे ही न्यायालयाची बाब आहे. मला हादरवून गेली ती गोष्ट वेगळी. देशाच्या सर्वांत मोठ्या शेअर बाजारातून अशी टपाल जात राहिली आणि ती कोणाच्या हाती पडते, हे संस्थेत कोणी वेळीच विचारले नाही. आमच्या तालुक्याच्या शाखेत पाचशे रुपयांचे खाते उघडायला ओळख लागत होती.

परदेशातही हेच. लिथुआनियाच्या एका माणसाने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या कंपनीच्या नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवली आणि त्या नावाने गूगल आणि फेसबुक यांना मेल व बिले पाठवली. २०१३ ते २०१५ या काळात दोघांनी मिळून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या खात्यांत भरली. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यांचा धंदाच इंटरनेटवर उभा आहे त्यांनाही पलीकडचा माणूस ओळखता आला नाही.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे प्रकरण तर आम्हा बँकवाल्यांच्या जिव्हारी लागले. नोकरीसाठी अर्ज करणारा एक उमेदवार मेल करतो, माझी माहिती सोबतच्या दुव्यावर पाहा म्हणतो. असा उमेदवार अस्तित्वातच नव्हता, असे अमेरिकी तपासयंत्रणेने २०१८ मध्ये न्यायालयात मांडले. त्या वाटेने चोर आत शिरले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी बँकेच्या नावाने जवळजवळ शंभर कोटी डॉलरचे आदेश न्यूयॉर्कला पाठवले. आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये गेले. श्रीलंकेकडे निघालेली दोन कोटींची रक्कम मात्र अडली, कारण मधल्या बँकेला 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले दिसले आणि तिने खुलासा मागितला. इतक्या यंत्रांतून सुरळीत गेलेला आदेश विचारणा करण्याच्या जुन्या सवयीने थांबला. हे वाचले तेव्हा मला आमचे साहेब आठवले, चेक डोळ्यांजवळ नेऊन पाहणारे.

आता तर भाषेचाही भरवसा राहिलेला नाही. दहा वर्षांपूर्वी खोटा मेल मोडक्या इंग्रजीवरून नाहीतर अगम्य मराठीवरून ओळखता येई. आज यंत्र शुद्ध, गोड, घरगुती मराठी लिहिते. नानांची जुनी पत्रे कोणाच्या हाती लागली तर 'स. न. वि. वि.'सुद्धा येईल आणि आईची चौकशीही येईल. आवाजाची नक्कल होऊ लागली आहे. अक्षर गेले, सही गेली, आता लिहिण्याची लकबही कोणी उचलून नेऊ शकतो.

यात सगळ्यात मोठा बदल कोणता, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, माणूस एकटा पडला. पूर्वी पत्रावर शंका आली की ते घरात फिरे, शेजारी जाई, मास्तरांना दाखवले जाई. आज मेल येतो तो एकट्याच्या मोबाइलवर, रात्री अकराला, 'ताबडतोब' असे लिहून. पोस्टमन, साक्षीदार, ओळख देणारा खातेदार, साहेब, या सगळ्यांचे काम त्या एका दमलेल्या माणसाने एका क्षणात करायचे असते. फसणाऱ्याला आपण मूर्ख ठरवतो, तो लाजेने गप्प बसतो आणि चोराचे फावते. कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली संगणकाच्या मदतीने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण कायदा नंतर येतो. आधी लागतो तो शेजारी.

जुने दिवस परत आणा, असे मला म्हणायचे नाही. नातीचा फोटो मिनिटात येतो, तो मला हवाच आहे. परत आणायची आहे ती विचारण्याची रीत, आणि ती आणायला एक पैसाही लागत नाही. मेलमध्ये पैशाची, पासवर्डची, कागदपत्रांची किंवा खातेनंबर बदलल्याची गोष्ट असेल तर थांबा. त्याच मेलला उत्तर देऊ नका, त्यात दिलेल्या नंबरवर फोन करू नका. तुमच्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर बोला. घरच्या घरी एखादी खूण ठरवून ठेवा, एखादा प्रश्न, ज्याचे उत्तर त्या माणसालाच ठाऊक असेल. आमच्या टीटीच्या गुप्त आकड्याचे काम ती करील. शंका आली की मेल दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला. फसवणूक झालीच तर लाजू नका, १९३० या क्रमांकावर लगेच कळवा, कारण वेळेत कळले तर पैसे वाटेत अडवता येतात. तुमच्या नावाने कोणी मेल पाठवत असेल तर नानांसारखी फोनची वही घेऊन बसा आणि सगळ्यांना सांगा.

तरुण मुलांना एक विनंती. तुमच्या आईने किंवा वडिलांनी "तू खरंच तूच आहेस ना रे?" असे विचारले तर चिडू नका, हसू नका. ते ज्या काळात व्यवहार शिकले त्या काळात ओळख मागणे हा शहाणपणा होता, आणि आजही तो शहाणपणाच आहे. मेल कितीही घाईचा असला तरी आधी माणूस ओळखा, मग उत्तर द्या. खरा माणूस फोनची वाट पाहील. रागावला तरी चार शब्दांत त्याची समजूत घालता येईल. गेलेला पैसा आणि गेलेले नाव परत मिळवणे फार कठीण असते.